मोठी गोधडी आणि घरातले मशीन

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात आज शिलाई मशीन शोधत फिरावे लागत नाही. ब्लाउज शिवणारी, साडीला फॉल लावणारी, शाळेचे गणवेश शिवून देणारी एखादी बाई आळीत असतेच. पण त्याच आळीत उन्हात टाकलेली मोठी गोधडी जवळ जाऊन पाहिली, तर तिच्यावरचे दोरे बहुतेक वेळा हाताने घातलेले दिसतात. टाका कुठे लांब, कुठे आखूड. ओळ मध्येच किंचित वाकलेली. पांढरा दोरा संपला तिथून हिरवा सुरू झालेला. कोपऱ्यावर लुगड्याच्या काठाचा तुकडा दुमडून बसवलेला. मशीन या मुलखात येऊन शंभर वर्षे उलटली, तरी घरातले सर्वांत मोठे शिवणकाम त्याच्याकडे गेले नाही. याचे कारण विचारले की गरिबी, नाहीतर जुनी सवय, अशी उत्तरे मिळतात. ती मला पुरेशी वाटत नाहीत. गोधडी हातावर राहिली याचे खरे कारण मशीनच्या घडणीत आहे, आणि आज घरी मोठी गोधडी शिवण्यासाठी मशीन घेऊ पाहणाऱ्याने ते कारण आधी समजून घेतले पाहिजे. ते न समजल्यामुळेच लोक पैसे घालून चुकीचे मशीन घरी आणतात.

आधी कापडाचे पाहू. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वर्धा-यवतमाळसारखा कापसाचा नव्हे. घरच्या शेतातली रुई पिंजून गादी-रजई भरावी, अशी सोय इथे सरसकट कधी नव्हती. पण विणलेले कापड मात्र भरपूर होते. भंडारा, पवनी, मोहाडी, आंधळगाव या गावांतले कोष्टी रेशीमकाठी लुगडी आणि धोतरे विणण्यात नावाजलेले होते आणि १९०८ साली निघालेल्या इंग्रजी गॅझेटियरनेही त्याची नोंद घेतली. जाडेभरडे कापड महार विणकरांच्या मागावर निघे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचे सूत आणि कापड या भागात स्वस्त झाले. म्हणजे इथल्या घरात पांघरूण करण्याचे साहित्य कापूस नव्हते, जुनेर होते. वापरून मऊ झालेले लुगडे, विरलेले धोतर, फाटलेला पंचा. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांब कापड. त्याच्या सात-सात फुटांच्या घड्या घातल्या, तर एका लुगड्यात जवळजवळ चार थर निघतात. पन्हा साधारण पंचेचाळीस इंचांचा, त्यामुळे पाच फूट रुंदीसाठी बाजूला धोतराची पट्टी जोडावी लागते. दोन लुगडी आणि एक धोतर एवढ्यात एका माणसाची भरगच्च वाकळ होते. हे सगळे थर एकमेकांना धरून ठेवणे हेच शिवणकाम. कापूस भरलेल्या रजईत टाका कापूस सरकू नये म्हणून घालतात. थराच्या गोधडीत तो झिजलेल्या कापडाला दुसरे आयुष्य द्यायला घालतात, म्हणून ओळी जवळजवळ असतात. हा फरक पुढे मशीनवर शिवताना कामाला येणार आहे.

आता मशीनकडे वळू. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए या शिंप्याने १८३० साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यावर सैनिकांचे गणवेश शिवले जात. अमेरिकेत एलायस हाउने १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट घेतले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपल्या मशीनचे. सिंगर कंपनीने १८५६ पासून हप्त्यांवर मशीन विकायला सुरुवात केली आणि त्या जोरावर ती जगभर पसरली. या सगळ्या खटपटीत डोळ्यांपुढे होता तो सदरा, कोट, पाटलोण आणि झगा. म्हणजे दोन किंवा तीन थर, हात-दीड हात लांबीची टीप, आणि एका हाताने सहज फिरवता येईल एवढा तुकडा. मशीनची मापे या तुकड्यावरून ठरली. ती सुटसुटीत आणि स्वस्त ठेवायची होती, म्हणून सुईपासून उजवीकडच्या उभ्या खांबापर्यंतची जागा साडेसहा-सात इंचांच्या आसपास राहिली आणि उंची पाचेक इंच. काळ्या लोखंडी मशीनवर हे माप आजही तेच आहे. १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन तयार होऊ लागले, पुढे लुधियानाच्या कारखान्यांनी हजारो मशीन बाजारात आणली, पण घडण तीच राहिली.

हिंदुस्थानात सिंगरचा व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव शतकात मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होता. याच काळात नागपूरहून पूर्वेला छत्तीसगडकडे लोहमार्ग निघाला. १८८० च्या दशकात तो आधी सरकारी छोट्या मापाचा होता आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेच्या मोठ्या मापाचा झाला. मुंबई-कलकत्त्याचा माल भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या स्टेशनवर उतरू लागला. परदेशी मशीनच्या विक्रेत्यांपुढची मोठी अडचण इथला पोशाख ही होती. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे यांना शिलाई लागत नाही. मागावरून उतरले की नेसायचे. शिवायची ती चोळी, बंडी आणि अंगरखा. म्हणून मशीन आधी शिंप्याच्या दुकानात गेले आणि घरात फार उशिरा आले. कपड्यांपुरता हा हिशेब बरोबर होता. पण ज्या घरांत फारसे शिवणकाम नाही असे मानले गेले, त्याच घरांत बायका दर उन्हाळ्यात शेकडो फूट शिवण घालत होत्या. पाच बाय सात फुटांच्या गोधडीत अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर एकशेवीस ओळी होतात, सात फुटांच्या. म्हणजे आठशे चाळीस फूट. एका सदऱ्याच्या सगळ्या टिपा एकापुढे एक ठेवल्या तरी याचा दहावा हिस्सा भरत नाही. न शिवलेला पोशाख झिजून जे कापड उरे, त्यातून घरातले सर्वांत मोठे शिवणकाम जन्माला येत होते. ते कारखानदाराच्या कल्पनेत कधी आलेच नाही, कारण ते विकले जात नव्हते.

मशीन घरात आल्यावरही ते काम त्याच्यावर का चढले नाही, हे पाहायला गोधडी प्रत्यक्ष कशी शिवतात ते आठवावे. रोवणी, निंदण, कापणी, चुरणी आटोपली की उन्हाळ्यातल्या दुपारी घरात मोकळी जमीन सापडते. सारवलेल्या जमिनीवर थर एकावर एक अंथरतात, हाताने सुरकुत्या काढतात, कडेने कच्चे टाके घालतात, आणि मग काठापासून आत, चौकोनात चौकोन, असे धावदोरे घालत मध्यापर्यंत जातात. या सगळ्या वेळात गोधडी जागची हलत नाही, शिवणारी हलते. ती गोधडीवर बसते, कडेने सरकते, कोपऱ्याशी वळते, आणि समोर दुसरी बाई बसली तर दोघी दोन बाजूंनी शिवत येतात. थरांवर त्यांच्याच वजनाचा दाब असतो, म्हणून कापड सरकत नाही.

शिलाई मशीनवर सगळे उलटे होते. मशीन एका जागी रुतलेले, सुई एका जागी ठोकलेली, आणि सरकायचे ते कापडाने. सदऱ्याची बाही सरकवणे सोपे असते. पण जुन्या सुती कापडाचा एक थर चौरस मीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम धरला, तर पाच बाय सात फुटांची सहा थरांची गोधडी दोन-अडीच किलोंची होते आणि आठ बाय आठ फुटांची आठ थरांची पाच-सहा किलोंची. हे वजन टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते आणि प्रत्येक टाक्याला मागे ओढते. मधली ओळ घालायची तर अर्धी गोधडी गुंडाळून त्या सात इंचांच्या खिंडीतून घालावी लागते, आणि गुंडाळी आत बसली की हात फिरवायला जागा उरत नाही. काठापासून आत चौकोनात जायचे तर प्रत्येक कोपऱ्यावर सगळी गोधडी गरकन फिरवायला हवी. आत जावे तसे ते अशक्य होत जाते. त्यात सुईखालचे दाते फक्त खालचा थर पुढे ओढतात आणि वरून दाबणारा पाय वरच्या थराला अडवून धरतो. दोन थरांत हा फरक कळत नाही. सात-आठ थरांत आणि सात फुटांच्या ओळीत वरचा थर टोकाशी चांगला बोटभर पुढे आलेला असतो, दोन ओळींच्या मध्ये चुण्या पडतात आणि गोधडी कधीच चौरस होत नाही. हाताचा टाका ओबडधोबड असला तरी त्याच्या गोधडीला असा पीळ पडत नाही, कारण तिथे कापड ओढलेच जात नाही.

गरिबीचे कारण इथे कोणी पुढे करील. मशीन महाग होते, ते ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी हाताने शिवले, यात नवल काय? सुरुवातीच्या पन्नास वर्षांपुरते हे खरे आहे. पण कापड शिंप्याकडे नेण्याइतके पैसे ज्यांच्याकडे होते, त्या घरांनी चोळ्या-बंड्या शिंप्याकडे नेल्या, गोधडी नेली नाही. शिंप्यानेही ती दुकानात मागितली नाही. एका गोधडीने त्याचे टेबल दिवसभर अडले असते. आणि दुसरा पुरावा आजच्या घरांत आहे. बाळाची दुपटी, बसायची आसने, पायपुसणी ही सगळी मशीनवर शिवलेली सर्रास दिसतात. बाई तीच, जुनेर तेच, मशीन तेच, थरही जवळपास तेवढेच. फरक फक्त आकाराचा. दुपटे खांबाच्या आत मावते आणि हातात फिरते, म्हणून ते मशीनवर गेले. मोठी गोधडी मावत नाही, म्हणून ती जमिनीवर राहिली. गरिबी किंवा सवय हे कारण असते, तर दुपटेही जमिनीवरच राहिले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच बायकांनी घरच्या मशीनवर गोधड्या शिवल्या. तिथे जमले ते इथे का जमू नये? तिथे जमले, पण कशामुळे ते पाहायला हवे. तिकडच्या गोधडीत वर तुकड्यांचा एक थर, मध्ये कापसाचा पातळ पापुद्रा आणि खाली अस्तर, असा तीन थरांचा हलका ऐवज असे. मशीनचा खरा उपयोग वरचे तुकडे जोडण्यासाठी आणि कडेची पट्टी लावण्यासाठी झाला. तिन्ही थर एकत्र शिवण्याचे काम तिकडेही दीर्घकाळ लाकडी चौकटीवर ताणून, चार-सहा बायकांनी भोवती बसून, हातानेच चालले. सिंगरच्या जुन्या मशीनबरोबर सुट्या भागांचा एक डबा मिळत असे आणि त्यात समांतर ओळी घालण्यासाठी वाकड्या दांडीचा एक पायही असे. दांडी आधीच्या ओळीवर टेकवायची आणि पुढची ओळ तिच्यापासून नेमक्या अंतरावर घालायची. कोटाचे अस्तर किंवा लहान मुलाचे भरलेले जाकीट शिवायला तो उत्तम आहे. पण त्या दांडीने ओळ सरळ येते, खांबाच्या आतली जागा वाढत नाही.

ही अडचण अमेरिकेत शेवटी कशी सुटली, ते आपल्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखे आहे. १९८० च्या दशकात मिसूरीतल्या गॅमिलसारख्या कंपन्यांनी लांब हाताची गोधडी मशीन घरगुती व्यावसायिकांसाठी बनवायला घेतली. या मशीनमध्ये गोधडी दहा-बारा फुटांच्या चौकटीवर रुळांना गुंडाळून ताणलेली असते. ती स्थिर राहते, आणि मशीनचे डोके चाकांवर बसवलेले असते, ते दोन्ही मुठींनी धरून कापडावरून फिरवायचे. खांबाच्या आतली जागा अठरा ते सव्वीस इंच. कापड ओढणारे दाते त्यात नसतातच. म्हणजे दीडशे वर्षे कापड सरकवून पाहिल्यावर यंत्र बनवणारे तिथेच आले, जिथे सारवलेल्या जमिनीवर बसलेली बाई पहिल्यापासून होती: गोधडी थांबलेली हवी आणि टाका घालणारा हात फिरता हवा. हा योगायोग नाही. मोठ्या, जड, अनेक थरांच्या कापडाला दुसरी वाट नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी, ही सगळी कामे कापड पसरून आणि स्वतः सरकून होतात, ती एकमेकींचे पाहून नव्हे.

यावर हस्तकलेच्या चाहत्यांकडून एक प्रश्न येईल. असे असेल तर मशीनचा विचार तरी कशाला? हाताची गोधडी हातालाच राहू द्यावी. मला हे मान्य नाही. आठशे फूट धावदोरा म्हणजे कित्येक दुपारी वाकलेली पाठ, ताणलेले डोळे आणि दाभणाने भोसकलेली बोटे. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राहिलेल्या पाठीला उन्हाळ्यातही तेच करायला लावणे हे कलेचे रक्षण नव्हे. यंत्राबद्दल सर्वांत कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली ‘यंग इंडिया’त आलेल्या संवादात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानले होते, बायकोचे शिवणाचे कष्ट वाचावेत या मायेपोटी ते बनले, असे कारण त्यांनी दिले. सिंगरच्या चरित्राशी ती गोष्ट कितपत जुळते हा वेगळा प्रश्न, पण कसोटी योग्य होती: यंत्र करणाऱ्याचे कष्ट कमी करते का? घरचे मशीन सदऱ्याच्या बाबतीत या कसोटीला उतरते. मोठ्या गोधडीच्या बाबतीत ते हाताचे कष्ट काढून खांद्यांना देते. म्हणून भांडण यंत्राशी नाही, मापाशी आहे.

आणि या मापाच्या चुकीची किंमत गोधडीने मोजली आहे. गोधडी मशीनवर गेली नाही, हातालाही वेळ उरला नाही, तेव्हा तिची जागा तिसऱ्याच गोष्टीने घेतली. पानिपतच्या गिरण्यांतून जुन्या लोकरी चिंध्यांचे ब्लँकेट आले, सोलापूरची चादर आली, आणि आता आठवडी बाजारात चकचकीत मिंक ब्लँकेटचे ढीग असतात. दुसरीकडे जुनेरही बदलले. सुती लुगड्याच्या जागी कृत्रिम धाग्याची साडी आली. ती झिजत नाही, घाम शोषत नाही आणि थर लावला की हाताखालून निसटते. पूर्व विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा अशा साड्यांची गोधडी जड होते पण ऊब देत नाही. चांगली गोधडी करायची तर सुती कापड राखून ठेवावे लागते: धोतरे, पंचे, सुती साड्या, जुन्या चादरी. मशीनच्या आधी हे साहित्य पाहिजे. त्याला कुठल्याही मशीनचा पर्याय नाही.

एवढे समजल्यावर घरासाठी मशीन निवडणे बरेच सोपे होते. दुकानात विजेवर चालणारी, वीस-तीस प्रकारचे टाके घालणारी हलकी मशीन आधी पुढे केली जातात. गोधडीला त्यातला एकच टाका लागतो, सरळ. त्या मशीनचा पाट टेबलाच्या वर उचललेला असतो, म्हणून गोधडीला चढ चढावा लागतो. जागा तीच सहा-सात इंचांची. आणि सहा-आठ थरांच्या शिवणीवर तिची मोटार दमते. त्यापेक्षा पायाने चालणारे काळे लोखंडी मशीन बरे. ते लाकडी टेबलात बुडवलेले असते, पाट आणि टेबल एका पातळीवर येतात, जड थरांत सुई न अडखळता उतरते, भारनियमनाची चिंता नाही आणि सुटे भाग भंडारा-तुमसरच्या बाजारात मिळतात. ते काही हजारांत येते. त्याला दोन जोड द्याव्या. एक, वरचा थरही खालच्या इतकाच पुढे सरकवणारा वॉकिंग फूट; जुन्या घडणीच्या या मशीनला बसेल असा आखूड दांडीचा मागून घ्यावा. दुसरी, डाव्या हाताला आणि पलीकडे त्याच उंचीचे मोठे टेबल, नाहीतर दोन फळ्या, म्हणजे गोधडीचे वजन खाली लोंबणार नाही. या दोन जोडींवर केलेला खर्च नव्या मशीनच्या खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे मी ठामपणे म्हणतो. ज्यांच्याकडे वीज भरवशाची आहे आणि थोडे अधिक पैसे आहेत, त्यांनी तयार कपड्यांच्या कारखान्यात असते तसे एका सुईचे, सरळ टाक्याचे, ज्याला सगळे ‘जुकी’ म्हणतात ते मशीन पाहावे. त्यात खांबाच्या आत दहा इंचांच्या वर जागा मिळते. पण त्याचा वेग जुनेराला सोसत नाही, म्हणून वेग कमी ठेवता येणारी मोटार हवी.

शिवण्याची पद्धतही मशीनप्रमाणे बदलली पाहिजे. काठापासून मध्याकडे जाणारे चौकोन हाताला शोभतात. मशीनवर सरळ उभ्या ओळी घ्याव्या आणि पहिली ओळ मध्यावर, मग दोन्ही बाजूंना. थराच्या गोधडीत सरकायला कापूस नसतो, त्यामुळे जुनेर फार विरलेले नसेल तर मशीनची टीप अर्ध्या इंचावर घालण्याची गरज नाही. तीन इंचांवर घातली तर सात फुटांच्या विसेक ओळी, म्हणजे एकशेचाळीस फूट शिवण पुरते. टाका मोठा ठेवावा, इंचाला सहा-सात. बारीक टाक्याने जुने कापड ओळीवरच विरते आणि फाटते. सुई सोळा किंवा अठरा नंबरची, दोरा सुती. आणि त्याहून मोठी गोधडी हवी असेल, तर ती एकसंध शिवण्याचा हट्ट सोडावा. वीस-वीस इंच रुंदीच्या पट्ट्या वेगवेगळ्या शिवल्या, तर कुठल्याही पट्टीचा दहा इंचांहून जास्त भाग खांबाच्या आत जात नाही, आणि शेवटी पट्ट्या एकमेकींना जोडून सांध्यावर काठाची पट्टी बसवता येते. हे कोणाला खोटे वाटेल, खरी गोधडी अखंडच असते असे ते म्हणतील. पण लुगड्याचा पन्हा अपुरा पडला म्हणून बाजूला धोतर जोडणाऱ्या बायकांनी हा हिशेब फार पूर्वी केला आहे. सांधा लपवण्यासाठी काठ वापरणे हे तर या कामातले जुने कौशल्य.

घरापुरते हे झाले. धंदा म्हणून गोधडी करायची असेल तर निर्णय वेगळा पडतो, आणि तिथे चूक सरकारी योजनांचीही आहे. बचत गटांना, गरजू महिलांना मशीन वाटली जातात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामासह अठरा व्यवसायांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. हे पैसे वाया जातात असे माझे म्हणणे नाही; त्यातून ब्लाउज शिवले जातात आणि घरे चालतात. पण त्या रकमेत येणारे मशीन बहुधा सात इंचांचेच असते. दहा बायकांना अशी दहा मशीन दिली तरी त्यांतल्या एकावरही धंद्यासाठी मोठी गोधडी नीट होत नाही. चौकटीवरचे लांब हाताचे मशीन लाखांत जाते, ते एका घराला परवडणारे नाही, त्याला बारा फुटांची खोली हवी आणि ते दुरुस्त करणारा माणूसही शिकवून तयार करावा लागेल. ही अडचण खरी आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी, ‘उमेद’ अभियान किंवा महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांच्या बचत गटांच्या समाईक जागेत, असे एक मशीन बसवणे अवघड नाही. घरोघरी पायमशीनवर तुकडे जोडून वरचा थर तयार करावा, थर लावून केंद्रावर न्यावे, तिथे चौकटीवर ओळी घालून घ्याव्या, आणि काठ पुन्हा घरी हाताने लावावा. भात भरडायला गिरणीवर नेतो तसेच हे काम आहे. भातगिरणी कोणी घरोघरी बसवली नाही.

भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या सात तालुक्यांपैकी एका तालुक्याने तरी हे करून पाहावे. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीने पुढच्या वर्षीच्या मशीन वाटपाच्या यादीत एक चौकटीचे मशीन घालावे आणि त्यावर काम करणाऱ्या बायकांकडूनच त्याचा आकार ठरवून घ्यावा. आणि जो वाचक आजच आपल्या घरासाठी मशीन घ्यायला निघाला आहे, त्याने दुकानात टाक्यांचे नमुने पाहू नयेत. खिशात मोजपट्टी न्यावी आणि सुईपासून खांबापर्यंत किती इंच भरतात ते आधी मोजावे. दुकानदाराला प्रश्न विचारायचा तो एवढाच, की यात सहा थर घालून दाखवता का? त्यासाठी घरच्या जुन्या धोतराचा तुकडा सोबत न्यावा.